नखाईची दोनशे डब्यांची चोरी

नखाईच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि शिंगासारखं कडक होतं. वस्तीतल्या न्हाव्यानं एकदा पैज लावून ते कापायला घेतलं, तर कात्रीचं पातं तुटलं आणि नख होतं तसंच राहिलं, असं न्हावी स्वतः सांगायचा. न्हावी दर दोन गोष्टींतली एक खोटी सांगायचा, पण ही त्यातली दुसरी.

या नखावर तिची तीस वर्षं निघाली होती. शहरांतून भंगारात निघालेले कॉम्प्युटर ट्रक भरभरून वस्तीतल्या शेडवर यायचे. शेडमध्ये त्यांना डबे म्हणत. डब्याला हातोडी लागायच्या आधी त्याच्या पाठीवरचं लेबल निघायला हवं, हा शेडचा पहिला नियम आणि शेवटचाही. कारण बाकीचे नियम कुणी केलेच नव्हते. लेबलावर कंपनीचं नाव असायचं आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखा नंबर. कंपनी ठेकेदाराला माल द्यायची, ठेकेदार शेडच्या शेठला द्यायचा, आणि प्रत्येकानं पुढच्याला बजावलेलं असायचं की नाव तेवढं शिल्लक ठेवू नका. नाव गेलं की डबा पोरका. मग पोरक्याला जाळा, वितळवा, आम्लात बुडवा, विचारणारं कोण?

लेबलं सोलायला अकरा बायका होत्या, त्यांत नखाई सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात चलाख. नखाचं टोक कोपऱ्यात घालायची, चर्र असा आवाज यायचा, आणि अख्खं लेबल हातात. बोलता बोलता, पेंगता पेंगता, भांडता भांडता. ही सवय हाडात इतकी मुरली होती की तिच्या घरात एका वस्तूवर नाव उरलं नव्हतं. औषधाच्या बाटल्या फळीवर उघड्या अंगानं उभ्या. खोकल्याचं औषध कोणतं आणि फरशी पुसायचं कोणतं, हे सून वास घेऊन ठरवायची. नातीच्या वह्यांवरची नावं दर आठवड्याला गायब. शिक्षिकेनं त्याबद्दल बोलावून घेतलं तेव्हा नखाईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता शिक्षिकेच्या हजेरीपटाचं लेबल काढून ठेवलं.

वस्तीच्या कडेचा ओढा दिवसातून तीन रंग बदलायचा. सकाळी हिरवा, दुपारी निळा, संध्याकाळी गंजक्या पत्र्यासारखा. घड्याळ बंद पडलं तर लोक ओढ्यावर जाऊन वेळ बघून यायचे. धूर एवढा की कावळेसुद्धा उडायच्या भानगडीत न पडता पायी जायचे. या गोष्टी वस्तीच सांगायची, सांगताना हसायची, आणि हसताना खोकायची. नखाईचा मुलगा आम्लाच्या टाकीवर कामाला होता. त्याची छाती भरून यायला लागली, आणि एकदा भरली ती रिकामी झालीच नाही.

मागे राहिल्या सून आणि नात. नातीला सगळे टिटवी म्हणायचे, कारण ती डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. कुत्र्याला, भिंतीला, स्वतःच्या चपलेला, सगळ्यांना तिचं काहीतरी सांगायचं असायचं. सहावं लागलं आणि तिचं बोलणं आटायला लागलं. आधी वस्तूंची नावं गेली. "आजी, ते दे ना, ते," म्हणायची, आणि ते म्हणजे पेला हे नखाईला कळायचं. मग 'ते'ही गेलं. एक पाय फरफटायला लागला. दोनदा झटका आला. पोर दिवसभर उंबऱ्यात बसून राहायची, आणि घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायला आली, तुम्ही गावाला गेलात काय.

वस्तीत झोळीवाले यायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. खांद्याला झोळी अडकवलेली शिकली-सवरलेली माणसं. ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरायची, माती पुड्यांत बांधायची. शेठ म्हणायचा, आमची घाण फुकट नेतात, नेऊ दे. त्यांची पुढारी चष्मेवाली ताई. तिनं डॉक्टर आणून मुलांचं रक्त तपासलं. टिटवीच्या रक्तात शिसं निघालं, आणि तिच्यासारखीच वस्तीत आणखी छत्तीस मुलं निघाली. डॉक्टरनं सांगितलं ते नखाईला शब्दन् शब्द पाठ झालं: यावर औषध आहे, ते दवाखान्यात ठेवून शिरेतून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, तोवर पोर या धुरात परत येता कामा नये, आणि जेवढा उशीर कराल तेवढं कमी हाती लागेल. नखाईनं विचारलं, किती कमी? डॉक्टरनं पिशवी आवरायला घेतली.

झोळीवाल्यांनी मग शहरात कंपनीच्या फाटकासमोर ठाण मांडलं. महिनाभर फलक, घोषणा, उन्हात बसणं. कंपनीच्या दारात येणारी गिऱ्हाइकं बिचकायला लागली तेव्हा कंपनीनं एक पत्र काढलं: आमचा एकही कॉम्प्युटर त्या वस्तीत पोचत नाही. पोचतो असं सहा महिन्यांत कुणी सिद्ध केलं, तर तिथल्या प्रत्येक मुलाचा इलाज आमच्या दवाखान्यात, आमच्या जबाबदारीवर. खाली सही आणि बशीएवढा शिक्का. कंपनीला कसलीच भीती नव्हती. अकरा बायकांच्या अंगठ्यांवर तिचा पूर्ण भरवसा होता.

ताईनं मग त्या अकरा बायकांनाच हाताशी धरलं. रोज एखाद-दुसरा डबा लेबलासकट बाजूला काढायचा, शेठच्या नकळत नखाईच्या खोलीमागे ताडपत्रीखाली ठेवायचा. दोनशे झाले की ट्रक भरून थेट फाटकावर. ताईनं दहा वेळा बजावलं, याचं लेबल काढायचं नाही. सांगणं सोपं. बायका त्या ढिगाजवळून जाताना हात काखेत घालून जायच्या. नखाईनं तर अंगठ्याला फडकं बांधलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, लागलंय. पाच महिन्यांत दोनशे डबे जमले, एकूण एक नावानिशी.

ठरलेल्या दिवशी उजाडल्यावर ट्रक निघाला. नाक्यानाक्यावर संशय नको म्हणून नेहमीचाच भंगाराचा ट्रक, वर नेहमीची ताडपत्री आणि आत मालाबरोबर नेहमीच्याच अकरा बायका. ताई, त्यांचा वकील आणि बाकीचे झोळीवाले गाड्यांनी पुढे गेले. रस्ता चार तासांचा.

त्याच सकाळी टिटवीला तिसरा झटका आला होता. सुनेनं पोरीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं, आणि नखाई निघाली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "आज काहीतरी घेऊन या." ट्रकमध्ये अंधार, गचके, डिझेलचा वास. बायका थोडा वेळ आपापल्या पोरांबद्दल बोलल्या. नखाई त्या एका वाक्याला धरून बसली होती. अंगठ्याचं फडकं कधी सुटलं, तिला कळलं नाही. समोरच्या डब्याचा कोपरा गुडघ्याला लागत होता. चर्र. शेजारी कुणीतरी उसासा टाकला. चर्र. शेंगा फोडत बसावं तशा अकरा जणी बसल्या होत्या, मनं घरी आणि हात कामावर. ट्रकच्या खडखडाटात तो आवाज कुणाला ऐकू आला नाही, आणि आला असता तरी दचकावं असं त्यात त्यांना काय होतं? लेबलंही सवयीनंच मागच्या फटीतून बाहेर जात होती. मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटवर एक चिकटलं आणि तो तसाच नावानंबरानिशी घरी गेला. बायकोनं म्हणे दार उघडायच्या आधी विचारलं, कुठल्या कंपनीकडून आलात?

फाटकासमोर गर्दी होती. झोळीवाले, कॅमेरेवाले, बंदोबस्ताचे पोलीस, एक फौजदार. कंपनीकडून खाली आला होता तो साहेब इतका मऊ बोलायचा की झोळीवाल्यांनी त्याचं नावच गोड साहेब ठेवलं होतं. ताईनं सगळ्यांना जवळ बोलावलं, पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ताडपत्री ओढायला सांगितलं.

दोनशे डबे उन्हात उघडे पडले. दोनशे पाठींवर दोनशे चिकट, कोरे चौकोन.

गोड साहेबानं एक डबा वळवून पाहिला, दुसरा पाहिला, चौकोनावरून बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. "हे कुणाचं आहे, ताई?" त्यानं खरोखरच काळजीनं विचारल्यासारखं विचारलं. "यावर नाव दिसत नाही."

ताईनं नखाईकडे पाहिलं. नखाईनं आपल्या नखाकडे पाहिलं. नखाखाली काळा डिंक भरला होता. मागून एक जण म्हणाली, आम्ही काही केलं नाही गं, आणि तिच्या बाहीला अर्धा नंबर चिकटलेला होता.

वकिलानं धडपड केली. म्हणाला, डबे उघडू, आत प्रत्येक भागावर नंबर असतो. साहेब म्हणाला, असतो ना, पण आतले भाग आम्ही बनवत नाही; दहा कारखान्यांतून येतात आणि पन्नास कंपन्यांना जातात. मग तो कॅमेऱ्याकडे वळला. त्या मुलांबद्दल कंपनीला फार वाईट वाटतं, पण फाटकात कचरा आणून टाकणं हा गुन्हा आहे, आणि तासाभरात हा उचलला नाही तर फौजदारसाहेब बघून घेतील.

ताईनं शिव्या दिल्या असत्या तर नखाईला बरं वाटलं असतं. ताई पदपथाच्या कडेला बसली आणि चष्मा काढून पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली. पत्राच्या मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. दोनशे डबे जमायला पाच महिने लागले होते. एवढा हिशेब नखाईलाही येत होता. घरी जाऊन सुनेच्या हातावर काय ठेवायचं, तेवढं तिला येत नव्हतं.

ती ट्रकच्या फळीला टेकून उभी होती. कधी जाळत नाहीत अशी एकच वस्तू डब्यात असते, ही गोष्ट तिला तिथं उभ्या उभ्या आठवली. शेडमध्ये तिला तबकडी म्हणत. डब्याची सगळी याददाश्त तिच्यात. एक गप्प माणूस आठवड्याला येऊन तबकड्या मोजून न्यायचा, तांब्यापेक्षा जपून. नखाईनं त्याला एकदा छेडलं होतं, या लोखंडात एवढं काय आहे रे बाबा? तो म्हणाला होता, लोकांच्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या आहेत, आजी. डबे यायचे ते बँकांतून, दवाखान्यांतून, कचेऱ्यांतून. ते परत घेताना कंपनी लिहून द्यायची की आतल्या तबकड्यांचा भुगा करू. ते कागद ताईनंच एका बैठकीत वाचून दाखवले होते.

गोड साहेब फाटकाकडे परत निघाला होता. नखाईनं त्याला हाक मारली.

"साहेब, म्हणजे हे डबे तुमचे नाहीत."

"नाहीत, आजी."

"नक्की ना? मागाहून तोंड वाकडं कराल."

साहेब हसला. "नाहीत म्हटलं ना."

"मग आमचेही नाहीत. जो घेईल त्याचे."

तिनं कमरेचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. चार स्क्रू, एक झाकण, दोन वायरी. टिटवी पूर्वी जेवढ्या वेळात एक वाक्य संपवायची तेवढ्या वेळात तबकडी बाहेर. ती तिनं जवळच्या कॅमेरेवाल्याच्या हातावर ठेवली. "घे बाबा. बेवारस आहे. घरी लावून बघ, कुठल्या बँकेतलं काय निघतं ते." दुसरी वार्ताहर बाईला. तिसरी रस्त्यानं चाललेल्या एका माणसाला. त्याला काही कळलं नाही, पण फुकट मिळतंय म्हणून त्यानं खिशात टाकली. तोवर दहा जणींच्या डोक्यात प्रकाश पडला होता आणि दहा स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आले होते. गर्दी हात पुढे करून ट्रकला भिडली.

साहेबानं आधी मान हलवली, म्हातारी खुळी आहे अशी. मग त्यानं वर पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी आलं होतं, आणि त्याच वेळी त्याचा फोन वाजला. फोनवर तो फक्त हो, हो म्हणाला, आणि प्रत्येक हो-ला त्याचा चेहरा एकेक रंग बदलत गेला. पंधरावी तबकडी एका चहावाल्याच्या हातात पडत होती तेव्हा तो धावत आला.

"थांबवा त्यांना. हात लावू नका कुणी. तो कंपनीचा माल आहे."

सगळे कॅमेरे साहेबाकडे वळले होते. नखाई ट्रकमधूनच वाकली आणि म्हणाली, "जरा परत बोला, साहेब. आमच्या ताईंना नीट ऐकू आलं नाही."

ताईनं चष्मा डोळ्यावर चढवला होता.

फौजदार सरळ माणूस होता. लोकांच्या हातांतून, खिशांतून तबकड्या काढून घ्यायच्या तर काहीतरी गुन्हा हवा, तो म्हणाला. साहेबानं तिथेच तक्रार लिहून दिली: कंपनीचे दोनशे कॉम्प्युटर चोरीला गेले, ते सदर वस्तीतल्या बायकांकडे सापडले. तबकड्यांचे नंबर कंपनीनं आपल्या दप्तरातून काढून स्वतःच जोडले. सही, शिक्का. वकिलानं नक्कल घेतली आणि शर्टाच्या आत ठेवली. नखाई म्हणाली, या दहा जणी नुसत्या बसायला आल्या होत्या, चोरी माझी एकटीची. पोलिसांनी तिला गाडीत घातलं.

वर खिडकीत जे कुणी होतं त्याला संध्याकाळपर्यंत कळलं की आपण काय लिहून दिलं. मग असा खटला उभा राहिला की तसा त्या कोर्टानं पाहिला नव्हता. कंपनीचे तीन वकील चोराला सोडा म्हणून अर्ज करत होते. गैरसमज झाला, माल आमचा नव्हताच, म्हातारी निर्दोष आहे. आणि म्हातारी पिंजऱ्यात उभी राहून सांगत होती की चोर मीच, आणि माल यांचाच. झोळीवाल्यांच्या वकिलानं तिला आधीच समजावलं होतं. ती सुटली, तर माल कुणाचा हे ठरायला वर्षं जातील. ती चोर ठरली, तर कोर्टच लिहील की माल कंपनीचा, आणि पोचला वस्तीत. पत्रात पोचतो एवढंच आहे, कसा ते नाही; आणि तक्रार मुदतीच्या आतली आहे, निकाल कधीही लागो.

"मग ठरव बाबा मला," नखाई म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, दोनशे कॉम्प्युटर एकटीनं कुठून, कसे चोरले? हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, कंपनीच्या मागच्या भिंतीवरून, डोक्यावरून, दोन-दोन करून. भिंत किती उंच? नखाईनं कोर्टाचं छत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, याच्यापेक्षा थोडी ठेंगणी. कोर्ट हसलं, बाईही हसल्या. पण कंपनीनं स्वतः जोडलेले नंबर समोर होते. दीड वर्षाची सजा झाली. ताई रडली. नखाईनं तिला विचारलं, दवाखान्याची गाडी कधी येणार ते सांग.

खटल्याला चार महिने लागले होते. सदतीस मुलांतल्या तिघांकडे तेवढे नव्हते. चौतीस दवाखान्यात पोचली. वर्तमानपत्रात पान भरून फोटो आला: पलंगावर टिटवी, शेजारी गोड साहेब, वर कंपनीच्या मोठ्या मनाबद्दल चार ओळी. शेठनं शेड ओढ्याच्या पलीकडे हलवली. दहा बायका तिथे लेबलं सोलतात, कारण घरी चूल आहे. ताई परत फाटकासमोर बसते. आता फाटकापासून शंभर पावलं लांब, तसा हुकूम निघाला आहे.

सजेच्या आठव्या महिन्यात सून टिटवीला घेऊन तुरुंगात भेटीला आली. मध्ये जाळी, जाळीला धरून फळी. सुनेनं आधी सगळं सांगून टाकलं. रक्त बरंच साफ झालंय, झटके थांबलेत, पाय अजून ओढते. डॉक्टर म्हणतात, डोक्यातलं जे गेलं ते गेलं, मागचं काही आठवेल असं धरून चालू नका. दवाखान्यात आठ महिन्यांत तोंडातून शब्द काढलेला नाही.

सुनेनं पोरीला उचलून फळीवर उभं केलं. पोर उंच झाली होती, केस बारीक कापले होते. तिनं जाळीला नाक लावलं आणि आतल्या म्हातारीकडे पाहत राहिली. खूप वेळ पाहिलं.

टिटवीनं मान वळवून आईला विचारलं, "ही कोण?"

सुनेनं तोंडावर हात दाबला आणि ती रडायला लागली. पोर दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. मग ती जरा चिडून म्हणाली, "ही कोण आहे?"

"रडतेस काय," नखाई सुनेला म्हणाली. तिनं जाळी दोन्ही हातांनी धरली होती. "आधी दोन होते. आता तीन झाले."

पहारेकरीण वेळ संपली म्हणत आली तेव्हा म्हातारी जाळीला तोंड लावून पोरीकडे चौथा शब्द मागत होती.